पाच, पंधरा की तीन

सकाळी सहा

बांद्याच्या प्रेसवाल्या काकांचा मेसेज रात्री कधीतरी येऊन पडला आहे. 'तुझो प्रोग्राम परत पडलो रे. थोडे कागद बरे इले, मगे बंद.' सोबत पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो. पायथन बंद पडल्याची विंडोजची पाटी, आणि तिच्या मागे भजन स्पर्धेचं अर्धवट प्रमाणपत्र. गणेश चवथ तोंडावर आली आहे. या दिवसांत बांदा काय नि पेडणे काय, सगळ्या प्रेस वर्गणीच्या पावत्या, भजनांच्या पत्रिका आणि प्रमाणपत्रं यांत बुडालेल्या असतात. त्यामुळे आजचं पहिलं काम ठरलं.

मी गोव्यात, पेडण्यात घरी बसून एका लायब्ररीचं पायथन बाइंडिंग लिहितो. लायब्ररी सी भाषेत आहे. तिला देवनागरी मजकूर आणि फॉन्ट द्यायचा. ती जोडाक्षरं जुळवते, ओळी पाडते, पीडीएफ करून देते. आतलं सगळ्यात अवघड काम, म्हणजे कुठल्या अक्षरासाठी फॉन्टमधली कुठली आकृती घ्यायची आणि ती कुठे ठेवायची हे ठरवणं, ते हार्फबझ करतं. हार्फबझ मुक्त सॉफ्टवेअर आहे. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सगळ्यांच्या पोटात तेच आहे, म्हणजे फोनवर जे मराठी आपण सहज वाचतो ते बहुतेक त्याच्याच हातून गेलेलं असतं.

पण सी लिहिणारे किती? प्रेसमधला मुलगा, निकालपत्रकं काढणारी हायस्कूलची बाई, वर्तमानपत्राच्या डेस्कवरचा उपसंपादक हे पायथन महिन्या-दोन महिन्यांत कामापुरतं शिकतात. त्यांनी चार ओळींची स्क्रिप्ट लिहावी आणि तिच्या जोरावर सीमधलं हे सगळं यंत्र हलावं, यासाठी मधे जे जोडकाम लागतं त्याला बाइंडिंग म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एका भाषेतून दुसऱ्या भाषेतलं फंक्शन बोलवायचं, एवढंच तर आहे. बोलावणं सोपं असतं. अवघड असतं ते हे ठरवणं, की जे परत आलं ते कोणाचं, किती वेळ टिकणार, आणि कुठल्या मापाने मोजलेलं आहे.

काकांच्या भाच्याने लिहिलेली स्क्रिप्ट मी वाचतो. चांगली लिहिली आहे. पहिल्या फेरीत तो सगळ्या स्पर्धकांच्या नावांच्या ओळी मांडून घेतो, प्रत्येक ओळीतल्या आकृत्यांची यादी बाजूला ठेवतो आणि ओळ सोडून देतो. सगळ्यांत लांब नाव कोणतं ते बघून टाइपाचा आकार ठरवतो. दुसऱ्या फेरीत छापतो. पायथनमध्ये याहून सरळ वाट नाही. सीमध्ये मात्र हाच क्रम घातक आहे. हार्फबझ आकृत्यांची यादी 'देतं' असं आपण म्हणतो, पण ते देतं फक्त यादीचा पत्ता. त्या पत्त्यावरची जागा ओळीच्या बफरच्या, म्हणजे तिचा मजकूर ठेवणाऱ्या कप्प्याच्या, मालकीची असते. बफर मोकळा झाला किंवा त्यात नवा मजकूर भरला, की पत्ता हातात उरतो आणि जागा दुसऱ्याला गेलेली असते. आणि पायथनमध्ये एखाद्या वस्तूला धरून ठेवणारं शेवटचं नाव सुटलं की ती त्याच क्षणी मोडीत निघते. म्हणजे भाच्याने ओळ सोडली त्या क्षणी त्याच्या यादीखालची जमीन गेली होती.

मग थोडे कागद बरे कसे आले? मोकळी केलेली जागा लगेच कोणी वापरली नाही तर जुनी अक्षरं तिथे तशीच पडून असतात. चूक आहे पण दिसत नाही, आणि दिसते तेव्हा भलत्याच ठिकाणी दिसते. बाइंडिंगमधल्या दोषांचा हा प्रकार मला सगळ्यांत वाईट वाटतो, कारण शिक्षा होते ती निर्दोष माणसाला. त्या मुलाने पायथनचा एकही नियम मोडलेला नाही.

सकाळी सात

उपाय दोन आहेत. एक, यादीची नक्कल करून पायथनच्या हाती द्यायची. मग तिचा बफरशी संबंध संपला. दोन, नक्कल न करता यादीलाच ओळीचा हात धरायला लावायचा. जोवर यादी कोणाकडे आहे तोवर ओळ मोडीत निघणार नाही.

हार्फबझमध्ये एका आकृतीची माहिती २० बाइट घेते आणि तिच्या जागेची माहिती आणखी २०. ओळीत ८० आकृत्या धरल्या तरी सगळं मिळून ३,२०० बाइट. इतक्याची नक्कल करायला लागणारा वेळ मोजण्यातही अर्थ नाही. शिवाय हात धरून ठेवण्याच्या उपायाने बफर बदलण्याचा प्रश्न सुटत नाही. ओळ जिवंत आहे, पण तिच्यात दुसरं नाव भरलं, तर जुनी यादी खोटीच. तेव्हा इथे नक्कल.

फॉन्टचा हिशेब वेगळा. देवनागरी फॉन्टची फाइल काही शे किलोबाइटची सहज असते, आणि ती वाचल्यावर बदलत नाही. तिची नक्कल कशाला? तिथे हार्फबझला म्हणायचं, हे बाइट पायथनचे आहेत, तू फक्त वाच. आणि काम संपलं की हे फंक्शन बोलावून मला कळव, म्हणजे मी माझा हात सोडतो. हा निरोप मात्र कुठल्याही थ्रेडमधून येऊ शकतो. त्या क्षणी पायथनचं मुख्य कुलूप आपल्या हाती असेल याची खात्री नाही. म्हणून निरोप घेणाऱ्या फंक्शनने आधी कुलूप मागायचं, मग वस्तू सोडायची, मग कुलूप परत द्यायचं. तीन ओळी आहेत. त्या नसल्या तर प्रोग्राम महिनाभर नीट चालतो आणि एका गर्दीच्या दिवशी बसतो.

पोदेर पाव देऊन गेला. उंडे गरम आहेत तोवर उठतो.

सकाळी नऊ

आता माप. आजचा सगळ्यांत जास्त वेळ याला जाणार आहे, आणि गेला पाहिजे.

'पेडणे' हे नाव पायथनला विचारा, लांबी पाच. प, एकाराची मात्रा, ड, ण, पुन्हा मात्रा. लुआ भाषेला विचारा, पंधरा; कारण लुआ बाइट मोजते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पेडण्याच्या शाळेतल्या पहिलीच्या पोराला विचारा, तो तीन म्हणेल. तिघांचंही बरोबर आहे. बाइंडिंग लिहिणाऱ्याने मात्र कोणाशी बोलताना कुठलं माप वापरायचं हे एकदा ठरवलं पाहिजे आणि मग शेवटपर्यंत पाळलं पाहिजे.

हार्फबझ प्रत्येक आकृतीबरोबर एक आकडा परत देतं: ही आकृती मूळ मजकुरातल्या कितव्या जागेपासून आली. हा आकडा नसता तर कर्सर कुठे ठेवायचा, शब्द कुठे तोडायचा, कुठला भाग रंगवायचा, काहीच करता आलं नसतं. 'पर्वरी' हे नाव घ्या. प, र, हलन्त, व, र, दीर्घ ईकार. सहा चिन्हं. यातला पहिला र हलन्तासकट रफार होऊन व च्या डोक्यावर जाऊन बसतो, म्हणून र्व हा एक गट. पायथनच्या मापात गट सुरू होतात ०, १ आणि ४ वर. पण मजकूर यूटीएफ-८ करून आत पाठवला, तर हार्फबझ तेच आकडे बाइटमध्ये देतं: ०, ३, १२. बारा आकडा घेऊन सहा चिन्हांच्या शब्दात गेलं की पायथन लगेच ओरडतं, ते बरं. घात होतो तो तीनने. पायथनच्या तिसऱ्या जागी व आहे. कोणी तिथे शब्द तोडला तर पहिल्या ओळीच्या शेवटी पाय मोडलेला र आणि दुसरीच्या आरंभी वरी. कुठेही एरर नाही, आणि छापून आल्यावर शिक्षक, संपादक, वाचक सगळे म्हणणार, संगणकाला मराठी येत नाही. संगणकाचा यात काही दोष नाही. मधल्या माणसाने बाइट आणि चिन्हं एकाच मापाने मोजली.

पायथन स्वतः मजकूर कसा ठेवतं हे इथे कामाला येतं. २०१२ साली आलेल्या ३.३ आवृत्तीपासून ते मजकुरातलं सगळ्यांत मोठं चिन्ह बघतं आणि त्याप्रमाणे दर चिन्हाला एक, दोन किंवा चार बाइटची जागा ठरवतं. निव्वळ मराठी मजकूर दोन बाइटांचा. त्यात एखादी इमोजी आली की अख्खा मजकूर चार बाइटांचा. आणि हार्फबझकडे या तिन्ही रुंदींचा मजकूर घेणारी तीन वेगळी फंक्शनं आहेत. म्हणजे पायथनच्या पोटातली जागा थेट दाखवायची, रुंदी पाहून फंक्शन निवडायचं, आणि परत येणारे आकडे आपोआप पायथनच्या मापात. नक्कल नाही, बदल नाही. इतकी नेटकी सांगड क्वचित जुळते. मी ती लिहून काढतो.

तपासायला शब्द हवेत. त्यासाठी मी आमच्या तालुक्यातलीच नावं वापरतो, ती पुरेशी अवघड आहेत. मांद्रे: अनुस्वार, द्र आणि वर मात्रा. पार्से: रफार आणि मात्रा दोघांना डोक्यावर एकच जागा हवी. पत्रादेवीत त्र. विर्नोड्यात वेलांटी टंकली जाते व नंतर आणि दिसते व च्या आधी. वर 'शेतकऱ्यांना' हा शब्द असतोच. हा अर्धा र मराठीची खास गरज आहे आणि ज्याने फक्त हिंदी तपासली त्याच्या हातून हाच सुटतो.

अकरा वाजून गेले

नावं सगळी पास. आता मुद्दाम चुकीचं वागून बघायचं: फॉन्टच्या फाइलचं नाव चुकवायचं, रिकामी फाइल द्यायची, फॉन्ट म्हणून फोटो द्यायचा.

हार्फबझची एक रीत सीच्या जगात फार शहाणपणाची आहे. काही बिघडलं तर ते रिकामा पत्ता देत नाही. एक कायमची ठेवलेली 'रिकामी वस्तू' देतं. रिकामा फॉन्ट, रिकामा बफर. पुढची सगळी फंक्शनं त्या रिकाम्या वस्तूवरही सुखाने चालतात, प्रोग्राम कोसळत नाही. ब्राउझरला हेच हवं असतं. एका फॉन्टपायी अख्खं पान पडता कामा नये. पण ही रीत जशीच्या तशी पायथनमध्ये आणली, तर काकांना फॉन्टचं नाव चुकल्यावर काय मिळेल? निरोगी दिसणारी पीडीएफ, आत कोरं पान. रात्री गिऱ्हाईक दारात उभं असताना कोरं पान आलं, तर माणसाने शोधायचं कुठे?

म्हणून दर ठिकाणी परत आलेली वस्तू रिकामी तर नाही ना, हे तपासायचं, आणि असेल तर पायथनच्या रीतीने अपवाद उभा करायचा. फाइल नसेल तर फाइल नाही हाच अपवाद, पूर्ण मार्गासकट. फाइल आहे पण फॉन्ट नाही, तर तसं. मेमरी संपली असेल तर ते. हे लिहायला कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते बाइंडिंगची खरी लायकी इथेच कळते. सगळं सुरळीत असताना कुठलंही बाइंडिंग चांगलंच वाटतं.

साडेबाराला वीज जाते. पावसात हे रोजचं. लॅपटॉप इन्व्हर्टरवर, वाय-फाय त्याच्यावरच, चाचण्या चालू राहतात.

दुपारी सव्वा

'जेवूंक ये.' श्रावण आहे, घरात शिवराक. तायकिळ्याची भाजी, डाळ, भात, सोलकढी. जेवताना काम बोलत नाही.

दुपारी अडीच

पुण्याच्या सहकाऱ्यांबरोबर व्हिडिओवर बैठक. विषय जुनाच: एवढी सगळी फंक्शनं हाताने का गुंडाळायची, हत्यार आहे की. लायब्ररीची हेडर फाइल दिली की बाइंडिंग काढून देणारी हत्यारं आहेत, आणि आमचं जुनं बाइंडिंग तसंच काढलेलं होतं. त्या हत्याराला पत्ता आणि यादी यातला फरक कळायला काही मार्गच नव्हता, कारण हेडर फाइलमध्ये दोन्ही सारखेच दिसतात.

या हत्यारांचा मी शत्रू नाही. डेव्हिड बीझली यांनी नव्वदीच्या दशकाच्या मध्यात लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत स्विग हे असंच हत्यार बनवलं ते शास्त्रज्ञांच्या गरजेतून. अणुरेणूंच्या हालचालींची गणितं करणारा सीमधला प्रोग्राम तासन्‌तास चालायचा. मधेच काही विचारायचं, बदलायचं तर पुन्हा सगळं बांधायला घ्या. त्याला वरून स्क्रिप्टची भाषा जोडली आणि शास्त्रज्ञ गणिताशी बोलू लागले. आज पायथन विज्ञानाची भाषा झाली आहे त्यात अशा जोडकामाचा वाटा फार मोठा आहे. नम्पाय, सायपाय या पायथनच्या गणिती लायब्रऱ्यांच्या खालची जड गणितं सी आणि फोरट्रानसारख्या भाषांतच होतात.

बैठकीत मी उदाहरण देतो ते पवईचं. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी घडवलेलं मायावी हे त्रिमितीय आलेखांचं सॉफ्टवेअर व्हीटीके या सी++ लायब्ररीवर उभं आहे. व्हीटीकेला स्वतःचं पायथन बाइंडिंग होतंच, यंत्राने काढलेलं. पण ते वापरताना सी++ च लिहितोय असं वाटायचं: दर गुणधर्माला एक 'सेट' आणि एक 'गेट', आणि आकड्यांच्या रांगा आत द्यायच्या तर आधी व्हीटीकेच्या साच्यात ओता. त्यांनी त्यावर टीव्हीटीके नावाचा आणखी एक थर घातला. गुणधर्म साध्या नावाने वाचता-लिहिता येतात, नम्पायची रांग सरळ देता येते. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते, की हा थरसुद्धा बराचसा यंत्रानेच काढलेला आहे. मात्र काय काढायचं, कसं दिसायचं, हे नियम पायथन वापरणाऱ्या माणसाने बसून ठरवलेले आहेत.

तेव्हा ठरतं असं. निरुपद्रवी फंक्शनं, म्हणजे जी आकडा घेतात आणि आकडा देतात, ती हत्याराने काढायची. ज्यांतून मालकी हलते किंवा मजकुरातली जागा मोजली जाते ती हाताने, आणि दर फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ: मालक कोण. पुण्याच्या मंडळींना हे पटतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर पटतं.

चार वाजता

हायस्कूलच्या एका शिक्षिकेचा फोन. त्यांचे दोन प्रश्न आहेत, आणि दोन्ही माझ्या कामाचे.

पहिला: शाळेच्या संगणकावर त्यांनी सूचनाफलक काढला तेव्हा ल आणि श मराठी वळणाचे आले, तीच स्क्रिप्ट इंटरनेटवरच्या सर्व्हरवर चालवली तर हिंदी वळणाचे. फॉन्ट तोच. असं कसं?

असं असं, की बऱ्याच चांगल्या देवनागरी फॉन्टांत ल आणि श च्या दोन-दोन आकृत्या असतात. मजकूर मराठी आहे असं सांगितलं तर फॉन्ट मराठी आकृत्या पुढे करतो, न सांगितलं तर हिंदी. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये वर्णमालेबद्दल काढलेल्या निर्णयात देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल यांचा आग्रह धरला आहे तो याच आकृत्यांचा. भाषा सांगितली नाही तर हार्फबझला अंदाज करायला सांगता येतं. लिपी ते मजकुरावरून बरोबर ओळखतं, पण देवनागरीवरून मराठी की हिंदी की कोकणी हे कसं ओळखणार? मग भाषा ते संगणकाच्या सेटिंगमधून उचलतं. शाळेच्या संगणकावर सेटिंग मराठीचं, सर्व्हरवर इंग्रजीचं. झालं.

गोव्यात हा प्रश्न दुप्पट होतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या सरकारी वापराचीही सोय राहिली; त्यामुळे एकाच फलकावर दोन्ही भाषा एकाखाली एक असणं इथे नेहमीचं. फॉन्ट करणाऱ्यांनी मराठीची सोय केलेली असते आणि कोकणीची राहून गेलेली असते. मग वरच्या ओळीत पाकळीचा ल आणि खालच्या ओळीत दुसराच. दोन्ही ओळी एकाच गावच्या लोकांसाठी.

यावर माझा निर्णय आज पक्का होतो. भाषा हा पर्याय राहणार नाही. ओळ करताना भाषा सांगावीच लागेल. नाही सांगितली तर अपवाद. आणि फॉन्टमध्ये त्या भाषेची सोय नसेल तर इशारा, कुठली आकृती घेतली हे सांगून. सहकाऱ्यांपैकी एकाला हे कडक वाटतं. तो म्हणतो, सोपं ठेव, लोकांना एक शब्द कमी लिहावा लागेल. पण एक शब्द वाचवून ज्याचं उत्तर संगणकागणिक बदलतं असं फंक्शन मला लोकांच्या हाती द्यायचं नाही. आपली भाषा कुठली, हे सर्व्हरने ठरवावं हेच मला मान्य नाही.

बाईंचा दुसरा प्रश्न: नावाच्या रकान्यात किती अक्षरं बसतात ते आधीच मोजायचं आहे; 'पेडणे'ला पाच येतात, ते कसं? त्यांना तीन हवे आहेत. उत्तर हातातच आहे. हार्फबझ आकृत्यांबरोबर जे गटांचे आकडे देतं त्यातले वेगळे किती ते मोजायचे, अर्धं अक्षर सुटं आलं तर ते पुढच्यात धरून: पे, ड, णे. 'ज्ञानेश्वर'चे चार. मी 'अक्षरं' मोजणारं फंक्शन यादीत टाकतो आणि बाईंना सांगतो, पुढच्या आवृत्तीत येईल. 'ज्ञ सुद्धा एकच मोजेल ना?' त्या विचारतात. मोजेल.

साडेपाच

काकांच्या प्रेसमधला संगणक विंडोज ७ चा आहे. जुनं टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचे जुने फॉन्ट त्यावर बसलेले आहेत. वर्षानुवर्षांच्या पत्रिका त्यातच. तो बदलायचा विषय मी काढत नाही. विंडोज ७ वर चालणारी पायथनची शेवटची आवृत्ती ३.८. शाळेत नवीन पायथन, सर्व्हरवर आणखी नवीन. प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळी फाइल बांधायची, तर तीन प्रकारच्या संगणकांसाठी केवढा तरी पसारा होतो, आणि दर वर्षी ऑक्टोबरात नवं पायथन आलं की पुन्हा सगळं.

याला उपाय २०११ पासून आहे. पायथनच्या सी बाजूतला ठराविक भाग 'स्थिर' म्हणून जाहीर झालेला आहे. तेवढाच वापराल तर ३.८ साठी बांधलेली फाइल पुढच्या आवृत्त्यांवरही चालते. संगणकाच्या दर प्रकाराला एक फाइल, सगळे खूश. फक्त सकाळी मी जी नेटकी सांगड घातली, मजकुराच्या पोटात थेट बघण्याची, ती या स्थिर भागात नाही. पायथनच्या कर्त्यांनी मजकूर आत कसा ठेवायचा हे बदलण्याची मोकळीक स्वतःकडे राखली आहे, आणि ते रास्तच आहे.

स्थिर भागात जे मिळतं ते असं: मजकुराची चार बाइट रुंदीची नक्कल करून मिळते, वापरून झाल्यावर ती आपणच मोकळी करायची. आकडे त्यातही पायथनच्याच मापात येतात. म्हणजे निवड ही: काही मायक्रोसेकंद वाचवणारी नेटकी वाट आणि फाइलींचा पसारा, की एक नक्कल आणि संगणकाच्या प्रत्येक प्रकारासाठी एकच फाइल. ८० चिन्हांच्या ओळीची नक्कल ३२० बाइटची. मी सकाळचा कोड काढून टाकतो. आवडला होता, पण बांद्याच्या त्या संगणकापुढे त्याचं वजन पडत नाही.

फॉन्टच्या बाबतीतही थोडं मागे यावं लागतं. फॉन्ट म्हणून फाइलचा मार्ग किंवा सरळ बाइट एवढंच घेता येईल. बाकीच्या तऱ्हा घेण्याची सोय स्थिर भागात ३.११ पासूनच आहे. काकांना मार्ग पुरतो, बाईंनाही.

पुन्हा सगळ्या चाचण्या. मांद्रे, पार्से, पत्रादेवी, विर्नोडा, शेतकऱ्यांना. मग सकाळचा क्रॅश: भाच्याची स्क्रिप्ट तशीच्या तशी, एकही ओळ न बदलता, हजार नावांवर. भाषा त्याने आधीच सांगितलेली आहे. स्क्रिप्ट न बदलणं मला महत्त्वाचं वाटतं. तुमची स्क्रिप्ट जरा वेगळी लिहा, असं सांगून हा दोष झाकता आला असता, पण तो त्यांचा नव्हताच.

सातच्या सुमारास फाइल काकांना जाते. पाऊण तासाने फोन. सगळे कागद इले. 'सकाळी घेवन जातत ते,' काका म्हणतात, आणि लगेच विचारतात, पावती पुस्तकांचे नंबर आपोआप मराठी आकड्यांत पडतील का. पडतील, काका. त्यासाठी माझी लायब्ररीसुद्धा नको. भाच्याला पायथनमध्येच चार ओळींत करता येईल. मी त्या लिहून पाठवतो.

रात्री साडेआठ

शेवटचं काम माहितीपान. इंग्रजी आहे, शेजारी मराठी लिहितो, कारण ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं आहे ते मराठी वाचतात. शब्द साधे ठेवतो. पॉइंटर, रेफरन्स काउंट यांपैकी काहीही पानावर येऊ देत नाही; ते वाचणाऱ्याचं ओझं नाही, माझं आहे. एवढंच लिहितो:

फॉन्ट एकदा उघडा आणि कामभर तोच वापरा. ओळ करताना भाषा सांगा: मराठीसाठी मराठी, कोकणीसाठी कोकणी. ओळीतून मिळालेली यादी तुमची आहे. ओळ सोडली किंवा बदलली तरी ती तशीच राहील. जागेचे आकडे तुमच्याच मजकुरातल्या जागा आहेत, ते जसेच्या तसे वापरा. फॉन्ट सापडला नाही तर काम थांबेल आणि कुठे शोधला ते सांगेल. कोरं पान कधीही छापलं जाणार नाही.

शेवटचं वाक्य लिहिण्याआधी रिकामी फाइल, चुकीचं नाव आणि फोटो हे तिन्ही पुन्हा एकदा नव्या फाइलवर चालवून बघतो. तिन्ही वेळा अपवाद येतो, मार्गासकट. वाक्य ठेवतो, आवृत्तीचा क्रमांक वाढवतो आणि प्रसिद्ध करतो.